ऑईल फिल्टर फोडून बघताना: आत काय शोधायचं

रात्रीची लाईट आल्यावर दारं धरायला जाणाऱ्याला एक गोष्ट पक्की ठाऊक असते. पाणी सरीनंच जाईल असं नाही, ते आधी उंदराचं बीळ शोधतं. इंजिनातलं ऑईलही तसंच. फिल्टरचा कागद कितीही भारी असू द्या, बाजूनं निसटायला फट मिळाली की ते कागदातून जायचे कष्ट घेत नाही. म्हणून दोन-चार फिल्टर फोडून तुलना करायची तर आधी बिळं शोधायची. कागदाच्या निऱ्या मोजणं त्याच्या नंतर.

परभणीला वसमत रोडवर माझं गॅरेज आहे. जीप, पिकअप, छोटे टेम्पो आणि हंगामात ट्रॅक्टर, असा माझा गिऱ्हाईक. फिल्टर फोडायची सवय लागली ती हाताखालच्या पोराच्या एका प्रश्नामुळं. "उस्ताद, दोन्ही एकाच मापाचे, दोन्हींना आटे तेच. मग एक दीडशेला अन् एक साडेतीनशेला कसा?" मला उत्तर देता आलं नाही. तेव्हापासून फोडतोय.

आधी ऑईलची वाट समजून घ्या

फिल्टर उलटा धरा. जाड चकतीला मधोमध आट्यांचं मोठं भोक आणि भोवती गोल छोटी भोकं दिसतील. पंपाकडून येणारं मळकं ऑईल छोट्या भोकांतून आत शिरतं, डबा आणि कागद यांच्यामधल्या जागेत भरतं, कागदातून बाहेरून आत जातं, मधल्या जाळीच्या नळीत येतं आणि आट्यांच्या भोकातून इंजिनाच्या गॅलरीत, म्हणजे आतल्या ऑईलच्या वाटेत, परततं. कित्येक जण ही वाट उलटी समजतात, आणि मग आतला प्रत्येक भाग त्यांना उलटाच दिसतो.

या वाटेवर दोन दरवाजे आहेत. पहिला म्हणजे छोट्या भोकांवर आतून टेकलेली रबरी झालर, म्हणजे अँटी ड्रेन-बॅक व्हॉल्व्ह. इंजिन बंद झाल्यावर डब्यातलं ऑईल मागं चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाखालच्या ऑईलच्या टाकीत, उतरू नये, एवढंच तिचं काम. दुसरा बायपास व्हॉल्व्ह. कागद चोंदला किंवा थंडीत ऑईल घट्ट झालं की हा उघडतो आणि न गाळलेलं ऑईल सरळ आत सोडतो. मळकं ऑईल बेरिंगला चालेल, कोरडं बेरिंग चालणार नाही, असा त्यामागचा हिशोब. परभणीत डिसेंबरच्या पहाटे पारा एक आकडी होतो, तेव्हा पहिला सेल्फ मारल्यावर बायपास थोडा वेळ उघडणं स्वाभाविक आहे. तो दिवसभर उघडा राहत असेल तर मात्र तुमच्या गाडीला फिल्टरच नाही असं समजा.

कशाची तुलना कशाशी

एकाच इंजिनासाठी विकले जाणारे तीन-चार फिल्टर घ्या. एक गाडीच्या कंपनीचा, एक-दोन नावाजलेल्या फिल्टर कंपन्यांचे आणि एक मोंढ्याजवळच्या दुकानात विनापावती मिळणारा. ट्रॅक्टरचा फिल्टर कारच्या फिल्टरशेजारी मांडून "हा बघा किती जड" म्हणण्यात अर्थ नाही.

आटे बसतात म्हणून फिल्टर चालतो, हा समज आमच्याकडं फार. काही इंजिनांत बायपास ब्लॉकमध्येच असतो, त्यामुळं त्यांच्या फिल्टरात तो नसतो. असा फिल्टर दुसऱ्या गाडीला लावला तर कागद चोंदल्यावर ऑईलला वाटच उरत नाही. आट्यांचंही तसंच. आपल्याकडं दोन मापं जास्त दिसतात: 20 मिलिमीटरला दीडचा आटा (दोन आट्यांत दीड मिलिमीटर अंतर), आणि पाऊण इंचाला सोळाचा आटा (इंचात सोळा आटे). पाऊण इंच म्हणजे 19.05 मिलिमीटर. 20 चा फिल्टर पाऊण इंचाच्या नळीवर ढिला का होईना फिरतो आणि बसला असं वाटतं. रस्त्यात प्रेशरनं तो निसटला तर चेंबर रिकामं व्हायला फार वेळ लागत नाही. म्हणून पार्ट नंबरच जुळवायचा.

फोडण्याआधीची एक चाचणी

हे फक्त फोडायच्याच फिल्टरवर करा, नंतर तो गाडीला लावू नका. आट्यांच्या भोकातून हळूहळू डिझेल ओता, कागदातून झिरपून डबा भरू द्या. मग मधल्या भोकात घट्ट बूच बसवून फिल्टर उलटा करा. छोट्या भोकांतून दोन-चार थेंब आले तर चालतं. धार लागली तर झालर बसत नाही.

याचं महत्त्व मला गंगाखेडकडच्या एका जीपनं शिकवलं. रोज सकाळी सेल्फ मारला की चार-पाच सेकंद इंजिन खडखडायचं, ऑईलचा लाल दिवा विझायचा नाही, मग सगळं शांत. दुसऱ्या एका मिस्त्रीनं ऑईल पंप बदलायला लावला होता, तरी तेच. मालक वैतागून म्हणाले, "मिस्त्री, आता इंजिनच विकतो." त्या गाडीत फिल्टर आडवा बसतो. काढून फोडला, तर आतली झालर जुन्या चपलेच्या टाचेसारखी कडक झालेली, बोटानं दाबली तर वाकेना. रात्रभरात डबा रिकामा होत होता आणि सकाळी पंपाला तो आधी भरावा लागत होता. तोंड वर करून लोंबणाऱ्या फिल्टरात ऑईल आपोआप टिकतं, तिथं ही झालर थोडी कमी चांगली असली तरी खपते. आडव्या किंवा उलट्या बसणाऱ्या फिल्टरात नाही.

कापायचं कसं

हॅक्सॉ नको. हा धडा मी स्वतःच्या नाकावर आपटून शिकलोय. एका पिकअपचा वापरलेला फिल्टर मी हॅक्सॉनं कापला, कागद पसरला, तर निऱ्यांत चकचकीत लोखंडी कीस. मी छातीठोक सांगून टाकलं की बेरिंग गेलंय, इंजिन उतरवा. मालकानं घाबरून दोन दिवस गाडी उभी ठेवली. मग हाताखालच्या पोरानं विचारलं, "उस्ताद, हा कीस करवतीचा तर नसंल?" त्याचंच बरोबर होतं.

पाईप कटरच्या जातीचं, गोल चाकाचं फिल्टर कटर मिळतं. ते डब्याभोवती फिरवत थोडं थोडं आवळत जायचं, कीस अजिबात पडत नाही. ते नसेल तर ओळखीच्या लेथवाल्याकडं जा. ग्राइंडर तर लावूच नका. ऑईल भिजलेल्या कागदावर ठिणग्या उडवायचा तो धंदा आहे.

काप तळाच्या मुडपलेल्या कडेपासून साधारण एक सेंटीमीटर वर घ्या. मग जाड चकती झालरीसकट सुटी होते आणि डब्यातून एलिमेंट (मधल्या नळीभोवतीचा निऱ्यांचा कागद) व स्प्रिंग बाहेर येतं. सगळं वर्तमानपत्रावर त्याच क्रमानं मांडा आणि प्रत्येक फिल्टरच्या भागांवर मार्करनं एकच आकडा टाका. चार फिल्टरांचे भाग एकत्र झाले की पुन्हा ओळखू येत नाहीत.

झालर आणि तिची बैठक

झालर साधारणपणे दोन प्रकारच्या रबराची असते, नायट्राईल किंवा सिलिकॉन. नायट्राईल बहुतेक काळं असतं. ते वाईट नाही, पण गरम ऑईलमध्ये महिनोन्महिने राहून कडक होत जातं. सिलिकॉन उष्णता जास्त सोसतं आणि थंडीतही लवचिक राहतं. ते बऱ्याचदा नारिंगी किंवा तांबडं असतं, पण रंग म्हणजे पुरावा नव्हे, रबर कुठल्याही रंगाचं करता येतं. झालर दुमडून सोडा. लगेच मूळ आकारात आली पाहिजे आणि दुमडल्या जागी पांढरी रेघ उमटायला नको.

आता बीळ शोधायची जागा. रबराच्या ज्या भागावर एलिमेंट टेकलेलं असतं तिथं दाबाची गोल खूण असते. ती उजेडात तिरपी धरून बघा. खूण पूर्ण गोल आणि सारखी असेल तर एलिमेंट नीट दाबलेलं होतं. अर्धी ठळक, अर्धी पुसट असेल, तर पुसट बाजूनं मळकं ऑईल कागदाला वळसा घालून जात होतं. वापरलेल्या फिल्टरात हे अगदी स्पष्ट दिसतं. ही एक खूण मला निऱ्यांच्या आकड्यापेक्षा जास्त सांगते.

हा दाब देते वरची स्प्रिंग. काही फिल्टरात गुंडाळीची स्प्रिंग असते, काहींत पत्र्याची पानासारखी. पानवाली स्वस्त म्हणून लोक नाकं मुरडतात. मी दोन्ही चांगल्या पाहिल्यात आणि दोन्ही वाईट. बोटानं दाबून चारी फिल्टरांची एकमेकांशी तुलना करा, कमजोर कुठली ते लगेच कळतं.

बायपास: किराणा दुकानाचा काटा आणा

बायपास कधी एलिमेंटच्या वरच्या टोकाला असतो, कधी आट्यांच्या बाजूला. वरच्या टोकाला असेल तर त्याचं माप घरच्या घरी काढता येतं.

एलिमेंट इलेक्ट्रॉनिक काट्यावर उभं ठेवा, व्हॉल्व्ह वरच्या बाजूला. काटा शून्य करा. व्हॉल्व्हच्या चकतीपेक्षा लहान बोल्टचं डोकं चकतीच्या मधोमध टेकवून हळूहळू खाली दाबा. चकती जागची हलायला लागली की त्या क्षणी काट्यावर काय दिसतं ते सोबतच्याला लिहून घ्यायला सांगा. मग ज्या भोकावर चकती बसते त्याचा व्यास व्हर्नियरनं मोजा. समजा व्यास 16 मिलिमीटर आहे. त्रिज्या 0.8 सेंटीमीटर, क्षेत्रफळ सुमारे 2 चौरस सेंटीमीटर. काट्यानं 2 किलो दाखवले, तर दाब झाला चौरस सेंटीमीटरला 1 किलो, म्हणजे साधारण 14 पीएसआय. बहुतेक गाड्यांच्या फिल्टरांचा आकडा 8 ते 25 पीएसआयच्या दरम्यान असतो. नेमका किती हवा हे इंजिन ठरवतं, म्हणून तुलना गाडीच्या कंपनीच्या फिल्टरशी करा. पाच-सहा वेळा दाबून सरासरी घ्या, एका मापावर विसंबू नका.

आकडा फार कमी आला तर कागद निम्मा वेळ बेकार बसून राहतो. फार जास्त आला तर चोंदलेल्या कागदावर ताण येऊन निऱ्या आत चेपतात. आणि एकदा असा नमुना हाती आला की चकती सोडल्यावर परत पूर्ण बसतच नव्हती, एका बाजूनं नखभर फट. डबा बाहेरून आरशासारखा, वर होलोग्राम चिकटवलेला. वरून कीर्तन, आतून तमाशा म्हणतात ते हेच.

एलिमेंटची टोकं

निऱ्यांची दोन्ही टोकं टोपीत बसवलेली असतात. टोपी पत्र्याची असते, किंवा जाड पुठ्ठ्यासारख्या फायबरची. फायबरची टोपी पाहिली की "पुठ्ठा घातलाय" म्हणून फिल्टर फेकणारे मी पाहिलेत. मला ते पटत नाही. टोपी कशाची यापेक्षा निरी त्यात कशी चिकटली आहे ते बघा. गडद खोलीत मधल्या नळीत मोबाईलचा टॉर्च लावून एलिमेंट फिरवत जा. कागदातून मंद, सारखा उजेड येईल. टोपीच्या कडेला कुठं पांढरी रेघ किंवा ठिपका चमकला, तर तिथं कागद सुटलाय. कागदाची दोन टोकं जिथं जोडतात तो उभा सांधाही असाच तपासा. काही ठिकाणी तो पत्र्याच्या पट्टीनं चिमटलेला असतो, काही ठिकाणी डिंकानं. स्वस्त फिल्टर फाटतात ते बहुतेक वेळा याच सांध्याशेजारी.

कागद

आता निऱ्या. टोपीच्या कडेनं पातीनं कापून कागद सोडवा आणि मोजा. एका निरीची खोली, निरीची उंची, निऱ्यांची संख्या. 50 निऱ्या, खोली 1.2 सेंटीमीटर, उंची 7 सेंटीमीटर: 50 × 2 × 1.2 × 7 म्हणजे 840 चौरस सेंटीमीटर. दोननं गुणायचं कारण प्रत्येक निरीला दोन बाजू. कागद पूर्ण उलगडून टेपपट्टीनं लांबी मोजली तर हिशोब ताडून बघता येतो.

जास्त क्षेत्रफळ म्हणजे जास्त घाण मावते, हे खरं. पण निऱ्या इतक्या कोंबलेल्या असल्या की एकमेकींना चिकटतात, तर मधल्या जागेत ऑईल जातच नाही आणि ते क्षेत्रफळ फक्त हिशोबात राहतं. सारख्या अंतरावरच्या 45 निऱ्या मला गचडीतल्या 60 पेक्षा बऱ्या वाटतात.

कागद नेमका कसला? साध्या फिल्टरात सेल्युलोज, म्हणजे लाकडाच्या लगद्याचा कागद, राळ पाजून भट्टीत कडक केलेला. मधल्या दर्जात सेल्युलोजमध्ये कृत्रिम धागे मिसळलेले. वरच्या दर्जात पूर्ण कृत्रिम किंवा काचतंतूंचं कापड, पुष्कळदा तारेच्या जाळीचा आधार दिलेलं. राळ नीट पाजली आहे का हे बघायला मी चारी कागदांचे तुकडे रात्रभर पाण्यात ठेवतो आणि सकाळी दोन बोटांत चोळतो. चांगला कागद तसाच राहतो. मोंढ्यातल्या त्या नमुन्याचा पार लगदा झाला, लाडूच्या बुंदीसारखे गोळे बोटाला चिकटले. इंजिनात पाणी शिरलं, गॅस्केट गेलं, तर असाच कागद फुगून वाट बंद करतो.

डब्यावर "20 मायक्रॉन" लिहिलेलं असतं, त्यानं हुरळून जाऊ नका. माणसाचा केस सुमारे 70 मायक्रॉन जाड, उघड्या डोळ्याला साधारण 40 पर्यंतचे कण दिसतात, आणि बेरिंगला जास्त घासतात ते त्याहून बारीक. प्रश्न असा की 20 मायक्रॉनचे किती टक्के कण अडतात? निम्मे अडले तरी कोणी 20 मायक्रॉन लिहू शकतो. टक्के आणि आयएसओ 4548-12 या चाचणीचा उल्लेख दोन्ही एकत्र दिले असतील, तरच तो आकडा तुलनेला घ्यायचा. हे घरी मोजता येत नाही. निरीकडं टक लावून "हा बारीक गाळतो" म्हणणारा मिस्त्री अंदाज मारतोय, मीसुद्धा.

मधली जाळीची नळी पटकन बघून टाका. भोकं पूर्ण पडलेली आहेत ना, आणि अंगठ्यानं दाबल्यावर ती चेपत नाही ना. काही नळ्यांना भोकांऐवजी चिरा असतात, त्यातल्या अर्ध्या मिटलेल्या सापडतात. डब्याचा पत्रा जाड की पातळ यावर लोक तासभर बोलतात, मी नाही बोलत.

नुसत्या एलिमेंटचे फिल्टर

पुष्कळ नव्या गाड्यांत डबा नसतो, प्लॅस्टिकच्या झाकणाखाली फक्त एलिमेंट. तिथं झालर आणि बायपास इंजिनाच्या भांड्यातच राहतात, म्हणून तुलना उरते कागद, टोकं आणि सोबतची रबरी रिंग यांची. गंमत म्हणजे फिरवून बसवायचे डबे 1950 च्या दशकात आले त्याआधी भांड्यात एलिमेंट घालायचीच पद्धत होती. झाकणावर आवळायचं माप बहुतेक वेळा छापलेलं असतं. लांब पाना लावून तेवढ्यावर न थांबणाऱ्यांची झाकणं तडकतात.

वापरलेला फिल्टर काय सांगतो

नवे फोडून झाले की गाडीतून निघालेला एक फोडाच. कागद फडक्यात गुंडाळून वाईसमध्ये पिळा आणि उन्हात पसरा. लोहचुंबक प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून वरून फिरवा. चिकटेल ते लोखंड, रिंग-बोअर किंवा कॅमकडचं. चांदीसारखं पण न चिकटणारं ते बहुतेक ॲल्युमिनियम, पिस्टनकडचं. तांब्याच्या रंगाचं दिसलं तर बेरिंगचा वरचा थर झिजून गेलाय, उशीर करू नका. नव्या इंजिनाच्या पहिल्या सर्व्हिसिंगला थोडी चमक निघतेच. मळणीच्या हंगामानंतर ट्रॅक्टरच्या फिल्टरात बोटाला खरखरीत लागणारी बारीक माती आली, तर ऑईल फिल्टरला दोष देऊ नका, एअर फिल्टरचा पाईप तपासा. सोयाबीनचं भुसकट उडतं तेव्हा तिथल्या क्लिपा ढिल्या असल्या की सगळं आत जातं.

आणि रबरासारखे लिबलिबीत तुकडे निघाले, तर आधीच्या मिस्त्रीनं चेंबर बसवताना गॅस्केटची पेस्ट सढळ हातानं लावलेली असते. बाहेर निघालेली दिसते, आत निघालेली ऑईलबरोबर फिरत राहते.

मग घ्यायचा कोणता

माझी वजाबाकी अशी. झालर कडक किंवा दाबाची खूण तुटक असेल तर फिल्टर बाद, कागद कितीही चांगला असो. बायपास बसत नसेल तर बाद. टोकांना उजेड दिसला तर बाद. या तिन्हींत पास झालेल्यांत मग कागद आणि क्षेत्रफळ बघायचं. माझ्या पिंपात जमलेल्या नमुन्यांत गाडीच्या कंपनीचे आणि नावाजलेल्या कंपन्यांचे फिल्टर बहुतेक पास झाले, त्यांच्यातला फरक ऑईल वेळेवर बदलणाऱ्याला जाणवणार नाही. काचतंतूवाला महाग फिल्टर मी लांब पल्ल्याच्या टर्बो गाडीला सुचवतो. शेतातल्या जीपला, जिचं ऑईल दर हंगामाला बदलतंय, तिला साधा चांगला सेल्युलोजही पुरतो. विनापावतीचा कुणालाच नाही.

बसवताना जुन्या फिल्टरची रबरी रिंग इंजिनाला चिकटून राहिली नाही ना, ते बोट फिरवून बघा. दोन रिंगा एकावर एक आल्या की गॅरेजच्या दारातच ऑईलचा फवारा उडतो. नव्या रिंगेला ऑईलचं बोट लावा, रिंग टेकेपर्यंत हातानं फिरवा, मग पाऊण फेरा आणखी. पाना काढण्यासाठी असतो, आवळण्यासाठी नाही.

फोडलेले फिल्टर मी रात्रभर उलटे ठेवून निथळू देतो. काळं ऑईल वेगळ्या कॅनमध्ये जातं, ते कायद्यानं घातक कचरा आहे. वाळवीसाठी लाकडाला लावायला मागणारे पुष्कळ येतात, मी देत नाही, कारण उरलेलं विहिरीच्या कडेला ओतलं जातं हे मी पाहिलंय. पत्र्याचा पिंप भरला की भंगारवाला येतो आणि तो माल जालन्याच्या भट्ट्यांकडं जातो. जाण्याआधी पोरगं त्यातल्या झालरी काढून घेतं. सायकलच्या स्टँडखाली लावायला बऱ्या पडतात म्हणे.